गोणपाटाखालचा दगड

वनखात्याच्या साहेबाने नकाशा शाळेच्या बाकावर पसरला, एका हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं आणि सांगितलं, "इथे राई नाहीच. इथे साग आहे. सत्त्याऐंशी सालची लागवड."

आता बोला! कोंडपाड्याची राई म्हणजे भर उन्हातून आत शिरलं की डोळ्यांना दिसायला जरा वेळ लागावा अशी. तीन जांभळी, सात आंबे, बेहडे, तिघांनी कव घालावी असा एक फणस, आणि मधोमध झरा. आपटा गावाच्या अलीकडे डोंगराला टेकलेला हा आगऱ्यांचा पाडा मे महिन्यात टँकरच्या तोंडाकडे न बघता जगतो, तो त्या झऱ्याच्या जिवावर. भोवती साग होता हे खरं, आणि सागाच्या कडेने गिरिपुष्पाचं परदेशी रान माजलं होतं हेही खरं. पण सत्त्याऐंशी साली ज्याने कुणी कागद रंगवला, त्याने डोंगर चढायचा कंटाळा केला, पायथ्याशी बसून सगळा उतार सागाच्या नावावर टाकला आणि घरी जेवायला गेला.

इतकी वर्षं त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. आता प्रकल्प आला होता. साग तोडायचा, लाकूड विकायचं, गिरिपुष्प मुळासकट काढायचं आणि मोकळ्या डोंगरावर इथल्याच जुन्या जातीची रोपं लावून जंगल परत आणायचं. कोणत्या जातीची? जांभूळ, आंबा, बेहडा. म्हणजे उभी जांभूळ तोडून जांभळाचं रोप लावायचं. पाड्यातल्या म्हाताऱ्या तुळशीरामने हे साहेबाकडून दोनदा वदवून घेतलं, कारण पहिल्यांदा त्याला वाटलं, आपलंच वय झालं.

साहेब तसा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"नकाशा बदलणं माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "पण पैसा देणाऱ्यांची एक अट आहे. तोडीच्या आधी सर्वेक्षण करायचं. जुनं काही सापडलं, कोरीव दगड म्हणा, शिळा म्हणा, जुनं बांधकाम म्हणा, तर ते सापडेल तिथून चारी बाजूंना तीस मीटर कुऱ्हाड लावायची नाही. लाल पट्टी बांधतात."

"आनि आमची पोरं पुरलीयत थितं, त्याचं काय?" तुळशीरामने विचारलं.

पाड्यात दात यायच्या आत गेलेलं मूल राईत पुरायची रीत होती. त्याची पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली, ती झऱ्यापासच्या थोरल्या जांभळीखाली होती. वर दगड नाही, खूण नाही. त्याची बायको गोदू तिथून जाताना अजून पायातली चप्पल काढायची, एवढीच खूण.

"शंभर वर्षांच्या आतलं जुनं धरत नाहीत," साहेब म्हणाला, आणि हे सांगताना त्याने मान खाली घातली.

झालं. त्या दिवसापासून पाड्याला एकच ध्यास लागला, राईत जुनं काहीतरी सापडलं पाहिजे. तुळशीरामने त्याच संध्याकाळी झऱ्यापासून पावलं टाकून बघितली. तीस मीटरांत सगळी राई बसत होती, वर दोन साग फुकट.

आता यांना जुनं म्हणजे काय वाटलं? देव! आंब्याखाली शेंदूर फासलेला एक ओबडधोबड दगड होता, तो पाड्याचा राखणदार. तुळशीरामचा पुतण्या प्रणित डंपर चालवायचा, दहा ठिकाणी ओळखी. "काका, बाहेरची माणसं येनार, देव असा उघड्यावर बरा दिसतो का?" असं म्हणून त्याने रोडपालीच्या एका बिल्डिंगीत उरलेल्या टायली आणल्या आणि चार दिवसांत देवाला ओटा, स्टीलचा कठडा आणि वर निळा पत्रा करून दिला. देव बाथरूममध्ये बसल्यासारखा दिसायला लागला. सगळ्यांनी नारळ फोडले. तुळशीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, आता राई वाचली.

आणि खरा जुना दगड वीस पावलांवर, झऱ्याच्या काठाला, गोणपाटाखाली उभा होता.

त्या दगडाचं सांगायचं तर आधी इकडेतिकडे बघून घ्यावं लागतं. कमरेएवढा उंच. वर चंद्र-सूर्य, मध्ये चार ओळी अक्षरं, आणि खाली एक बाई आणि एक गाढव, आणि त्या दोघांचं जे चाललंय ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पाड्यात कुणी त्याचं नाव घेत नसे. बापये आपसांत 'तो' म्हणत. आखातीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी फक्त बापये जाऊन त्याला धुवायचे, नारळ द्यायचे आणि गोणपाट परत बांधून ठेवायचे. का द्यायचा नारळ, ते कुणालाच माहीत नव्हतं. बायका पाण्याला जाताना त्या बाजूने पदर ओढून घेत. जुनी रीत, आणि रीतच असल्यामुळे सर्वेक्षणाच्या गोष्टी निघाल्या तेव्हा हा दगड एकाच्याही डोक्यात आला नाही. घाण ती घाण. ती काय सरकारला दाखवायची?

मग तुळशीरामला फोन आला. "तुळशीरामकाका? मी हादिया बोलतेय. अब्दुलशेठची नात. ओळखलंत? तुमच्या राईचं सर्वेक्षण माझ्याकडे आलंय. गुरुवारी येते."

ओळखलं नाही तर काय! पनवेलला अब्दुलशेठची पेंढ्याची वखार होती तेव्हा तुळशीरामने पंचवीस-तीस वर्षं तिथे गाड्या रिकाम्या केल्या. ही पोर दोन वेण्या उडवत पेंढ्याच्या गंजीवर चढायची आणि उतरता आलं नाही की त्यालाच हाका मारायची. अब्दुलशेठ गेले तेव्हा तो मातीला गेला होता. आता ती पुण्याहून जुन्या वस्तूंचं शिकून आली होती. त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घरचीच पोर, ती का आपलं वाईट करील?

आणि फोन ठेवल्यावर त्याला झऱ्याकाठचा 'तो' आठवला. पोर राईत फिरणार. गोणपाट उचलणार. अब्दुलशेठची नात, नमाजी घरातली, लग्नाची, आणि तिच्या शेजारी आपण उभे, समोर ती बाई आणि ते गाढव! ती काय म्हणेल? घरी आईला काय सांगेल? त्याला रात्रभर अब्दुलशेठ दिसत राहिले, पांढरी टोपी घातलेले, टक लावून बघणारे.

मंगळवारी बेलपाड्याला हळद होती. सगळा पाडा टेम्पोत बसून गेला. "पोट बिघडलंय," असं सांगून तुळशीराम मागे राहिला आणि त्याने प्रणितला थांबवून घेतलं. दोघांनी पहार घातली. दगड जमिनीत हातभर होता, सहजासहजी निघेना. दोर बांधून ओढला तेव्हा सबंध बाहेर आला. घरंगळत नेऊन त्यांनी तो खालच्या ओहळावर पालथा टाकला, तोंड चिखलात. प्रणितच्या गाडीत देवळाचं सिमेंट उरलं होतं, ते त्याने खड्ड्यात ओतलं, वर टायलीचे तुकडे बसवले. झऱ्याकाठी बसायला छान ओटा झाला. प्रणितला त्याचा फार अभिमान वाटला. गाढवपणा करायला माणसाला गाढव लागत नाही, स्वतःचे दोन हात पुरतात.

गुरुवारी हादिया आली. डोक्याला ओढणी, पायात बूट, पाठीवर पिशवी. "काका, बारीक झालात," म्हणाली आणि वाकून पाया पडायला गेली तेव्हा तुळशीरामने तिचे हात वरच्यावर धरले. दिवसभर ती दोर लावून ओळीने चालली, दर दहा पावलांना थांबून पाचोळा बाजूला करायची, खापराचा तुकडा दिसला की डोळ्यांजवळ न्यायची. तुळशीराम मागे मागे.

देवळापाशी ती थांबली. "हे केव्हा बांधलं?"

"गेल्या सोमवारी पुरं जालं," तो छाती काढून म्हणाला.

तिने शेंदराच्या दगडाकडे पाहिलं. प्रणितने त्याला चांगला चमकावा म्हणून ऑईलपेंट दिला होता. तिने एक फोटो काढला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

दुपारी ती झऱ्याकाठच्या नव्या ओट्यावर बसली, पाणी प्यायली, आणि फॉर्म मांडीवर घेऊन एकेक प्रश्न विचारू लागली. जुनी विहीर? नाय. पडकं देऊळ? नाय. वीरगळ? म्हणजे काय ते तिने सांगितलं. नाय. मग तिचं पेन एका ओळीवर थांबलं. ती ओळ तिने वाचली, वर तुळशीरामकडे पाहिलं, परत खाली पाहिलं.

"आणि... लेख कोरलेला दगड? कसलाही. काही गावांत असतो, म्हणजे लोक दाखवत नाहीत, पण..." ती तिथेच थांबली. कान लाल झाले होते तिचे.

"नाय गो पोरी," तुळशीराम म्हणाला. "आमच्या गरिबाच्या पाड्यात कोरीव काय असनार?"

"हं," ती म्हणाली, आणि दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं.

अहवाल गेला. उल्लेखनीय काही नाही, देऊळ नव्या बांधणीचं, खापरं विखुरलेली. दोन महिन्यांनी ठेकेदाराची माणसं पिवळा रंग घेऊन आली आणि झाडांवर आकडे टाकत वर चढली. तुळशीराम पाण्याला गेला तेव्हा थोरल्या जांभळीवर दोनशे अकरा लिहिलेलं होतं. रंग अजून ओला होता. त्याने तळहाताने पुसायला घेतला, तो आणखीच पसरला. तो खाली बसला आणि इतक्या मोठ्याने रडला की वरच्या माणसांनी काम थांबवून बघितलं.

दुसऱ्या दिवशी तो पनवेलला अब्दुलशेठच्या घरी गेला. हादियाची आई बिल्कीसने सरबत दिलं, समोर बसून गावाकडची विचारपूस केली. ती समोर होती तोवर तुळशीराम पावसापाण्याचंच बोलत राहिला. मग ती आत गेली.

"पोरी, मी खोटा बोल्लो. एक दगड व्हता. मीच काढला."

"कसला दगड?"

त्याने भिंतीकडे बघत सांगितलं. चंद्र-सूर्य सांगितले, अक्षरं सांगितली आणि खालचं काय ते गाळलं.

हादिया ताडकन उभी राहिली. "गधेगाळ! काका, तो गधेगाळ होता?"

त्या वस्तूला काही नाव असेल, आणि ते नाव ही पोर अशी सरळ घेईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"तो शब्द फॉर्ममध्ये छापलेला आहे, काका. अठरा गावांत विचारला मी, मोठमोठ्या मिशीवाल्यांना विचारला. तुमच्यापाशी जीभ उचलली नाही. आजोबा आठवले. म्हटलं, काका काय म्हणतील, ही पोर हेच शिकली का!" ती पुन्हा खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिथे ती दोघं बसून राहिली, एकमेकांची लाज राखलेली, आणि सरबत तसंच पडून होतं.

सकाळी चौघांनी ओहळावर दगड उलथवला. दोन महिने पाड्यातल्या बायकांनी त्याच्या पाठीवर कपडे आपटले होते. हादियाने चिखल धुतला, अक्षरांवरून ओल्या बोटाने रेघ ओढत ती अडखळत वाचू लागली. शक. महिना. मग, "हा आंबा... आंबराई, झऱ्यासकट... पाड्याच्या लोकांना दिली. चंद्र-सूर्य असेतोवर. जो कुणी ही मोडील, त्याच्या आईला..."

ती थांबली.

"वाच," तुळशीराम म्हणाला. "आता कसली लाज?"

तिने वाचलं. ते ऐकून प्रणितने तोंड फिरवलं. तुळशीरामला मात्र वाटलं, कुणीतरी आठशे-नऊशे वर्षांपूर्वी आपल्यासाठीच ही शिवी कोरून ठेवली होती. कुणी राईवर कुऱ्हाड घेऊन आलाच, तर त्याच्या तोंडावर फेकायची म्हणून. आणि आपण ती सभ्यपणे चिखलात पालथी घातली.

हादियाने हातचं काही राखलं नाही. चुकीची कबुली देऊन नवा अहवाल लिहिला, दगड मुळात झऱ्याकाठी होता, असं ठळक लिहिलं. साहेब स्वतः आला. त्याने झऱ्याकाठी पाहिलं, तर सिमेंटचा ओटा आणि रोडपालीच्या टायली.

"खड्डा कुठे आहे?"

"याच्याखाली," हादिया म्हणाली.

"म्हणजे दिसत नाही. मॅडम, तुमच्याच पहिल्या अहवालात या जागेचा फोटो आहे. खाली तुमची सही आहे. काही आढळले नाही. आता झाडं वाचवायची आहेत तीच माणसं म्हणतात, दगड इथे होता. मी वर काय लिहू?"

"मी खोटं बोलतेय असं लिहा," ती म्हणाली.

साहेब ओशाळला. पण नियम नियम होता, आणि तो फार काटेकोर माणूस. दगड सापडला कुठे? ओहळावर. तर ओहळावर. पुढच्या आठवड्यात माणसं आली, दगड जिथे पडला होता तिथे मधोमध खुंटी ठोकली, चारी बाजूंना तीस मीटर मोजलं आणि लाल पट्टी बांधली. आत काय होतं? गिरिपुष्प. घाणेरीची जाळी. जे रान उपटून काढायला म्हणून प्रकल्प आला होता, नेमकं तेच आता लाल पट्टीच्या आत, त्याला हात लावायला बंदी. पाट्या लागल्या. बायकांना कपडे धुवायला ओहळाची ती जागाही गेली.

सोमवारी सकाळी करवती सुरू झाल्या. आधी खालचा साग पडला. पाडा उंबऱ्यांवर ऐकत बसला. हादिया आली होती. ती अंगणात राईकडे तोंड करून उभी होती. तुळशीराम पडवीत बसलेला. शेवटी त्याच्याच्याने राहवेना, त्याने गोदूला जवळ बोलावलं आणि चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्या दगडाची गोष्ट बायकोपाशी काढली. दगडावर काय होतं ते चाचरत सांगितलं, आपण तो का काढला ते सांगितलं, पोरीसमोर इज्जत जाईल म्हणून. "तुमा बायांना काय म्हायती नसनार..." असं म्हणत होता तेवढ्यात गोदूने त्याला थांबवलं.

"म्हायती नसनार?" ती म्हणाली. "मी लगन होऊन आले त्याच वैशाखात सासूनं मला थितं नेलं. तुमी बापये दुपारचं घोरत व्हतात. गोनपाट उचलून दाखवला. बोलली, बघ, लाजू नको. ह्यो आपला सातबारा हाय. कुनी राई मागाया आला का त्याला हात धरून हितं आनायचा आनि ह्यो दाखवायचा. पाड्यातल्या सगल्या सुनांना दाखवत्यात. मी मनिषाला दाखवलाय, तिच्या लगनाच्या साली."

मनिषा म्हणजे प्रणितची बायको. ती दारात उभी होती. तिने मान हलवली.

तुळशीरामने एकदा मनिषाकडे, एकदा गोदूकडे पाहिलं. "मंग त्या साहेबाला दाखवला का नाय? पोर आली तवा बोल्लीस का नाय?"

"मोजनी करनारी पोर आली का तिलाच दाखवनार व्हतो, पन हळदीवरनं आलो तं दगड जाग्यावर नाय. आमी बायांनी म्हनलं, आले बापये शानपनावर, नेला असंल पनवेलला पुरावा दाखवाया." गोदूचा आवाज चढला, आणि मग तिला हसू आलं, असं हसू की हादियाने अंगणातून वळून बघितलं. "दोन महिने वाट बघितली, आज आनतील, उद्या आनतील. तुमाला विचारनार कशी वो? आमी तं तो कधी बघितलाच नव्हता ना!"

वर राईच्या बाजूला करवतीचा आवाज बदलला. सागाचा कोरडा आवाज थांबून ओल्या, जाड लाकडाचा सुरू झाला. गोदू हसता हसता थांबली. तिने पदर खोचला, आणि त्याच्याकडे न बघता चढणीला लागली. मनिषा तिच्यामागे गेली, मग हादिया गेली. तुळशीरामही उठला, पण पायरीपर्यंत जाऊन परत फिरला, कारण त्या तिघींच्या मागून चालायची त्याला लाज वाटली.